विश्लेषण : स्टुडंट व्हिसा नाकारला, तर न्यायालयात दाद मागता येते का?

ठाणे, कल्याण, डोंबिवली पट्ट्यात परदेशी शिक्षणाची तयारी आता घरोघरी ओळखीची झाली आहे. आयईएलटीएस किंवा जर्मन भाषेचा क्लास, मुंबई विद्यापीठाचे ट्रान्सक्रिप्ट, शैक्षणिक कर्जासाठी बँकेच्या खेपा, व्हीएफएसच्या केंद्रात बोटांचे ठसे. या सगळ्यानंतर ई-मेलवर नकारपत्र येऊन पडले, की घरात एकच प्रश्न असतो : आता अपील कुठे करायचे? सल्ला देणारे बरेच भेटतात. कोणी ‘हायकोर्टात जा’ म्हणते, कोणी ‘खासदारांचे पत्र आणा’ म्हणते, तर एजंट ‘लगेच दुसरा अर्ज टाकू’ असे सुचवतो. प्रत्यक्षात उत्तर दोन गोष्टींवर ठरते. नकार कोणत्या देशाने दिला आणि कोणत्या कारणासाठी दिला?

मुंबई उच्च न्यायालयात जाता येईल?

नाही. व्हिसा देणे किंवा नाकारणे हा त्या-त्या देशाचा सार्वभौम अधिकार आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालय आपल्या सरकारला आणि सरकारी यंत्रणांना आदेश देऊ शकते. कॅनडाच्या किंवा ब्रिटनच्या व्हिसा अधिकाऱ्याला ‘निर्णय बदला’ असे सांगू शकत नाही. परदेशी राष्ट्रावर भारतात दावा लावायचा, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८६ नुसार केंद्र सरकारची संमती लागते. त्यामुळे दाद मागायची ती त्या देशाच्या न्यायालयात, त्या देशाच्या कायद्यानुसार.

लोकप्रतिनिधींच्या पत्राचा उपयोगही मर्यादित असतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये सातारा जिल्ह्यातील एका विद्यार्थिनीचा कॅलिफोर्नियात गंभीर अपघात झाला. तिच्या कुटुंबाला तातडीचा अमेरिकी व्हिसा मिळत नव्हता. खासदार सुप्रिया सुळे यांनी परराष्ट्र मंत्रालयाकडे पाठपुरावा केल्यावर मुलाखतीची वेळ लवकर मिळाली. आणीबाणीत अशी रदबदली तारीख पुढे आणू शकते. गुणवत्तेवर दिलेला नकार मात्र त्याने फिरत नाही.

‘अपील’ म्हणजे नेमके काय?

बोलताना सगळ्यालाच अपील म्हटले जाते, पण कायद्यात तीन वेगळ्या वाटा आहेत. पहिली, खरे अपील. यात वरचे प्राधिकरण संपूर्ण प्रकरण नव्याने ऐकते आणि स्वतः निर्णय देऊ शकते. भारतातून अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याला ही वाट बहुतेक देशांत उपलब्ध नाही. दुसरी, प्रशासकीय फेरतपासणी. यात त्याच खात्यातील दुसरा अधिकारी पहिल्याची चूक झाली का, ते पाहतो. तिसरी, न्यायिक पुनर्विलोकन. यात न्यायाधीश फक्त एवढेच तपासतात, की निर्णय कायदेशीर आणि तर्कसंगत पद्धतीने घेतला गेला का.

तिसऱ्या वाटेबाबत सर्वाधिक गैरसमज आहेत. न्यायालय व्हिसा देत नाही. निर्णय चुकीचा ठरला, तर तो रद्द होतो आणि अर्ज पुन्हा खात्याकडे जातो. तेथे दुसरा अधिकारी नव्याने विचार करतो आणि योग्य कारणे देऊन पुन्हा नकारही देऊ शकतो. थोडक्यात, खटला जिंकला म्हणजे विमानाचे तिकीट काढता येईल, असे नाही.

कॅनडात कोणता मार्ग आहे?

परदेशात बसून न्यायालयात जाण्याची सर्वात स्पष्ट सोय कॅनडात आहे. तेथील इमिग्रेशन कायद्याच्या कलम ७२ नुसार फेडरल कोर्टात अर्ज करता येतो. कॅनडाबाहेर घेतलेल्या निर्णयासाठी मुदत नकार कळल्यापासून ६० दिवस असते. न्यायालयाचे शुल्क ५० कॅनेडियन डॉलर, म्हणजे साधारण तीन हजार रुपये. खरा खर्च वकिलाचा होतो.

आधी न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. ती न्यायाधीश कागदपत्रे वाचूनच देतात किंवा नाकारतात. परवानगी मिळाली तर सुनावणी होते. विद्यार्थ्याला त्यासाठी कॅनडात जावे लागत नाही. नवे पुरावे सहसा चालत नाहीत. अधिकाऱ्यासमोर त्या वेळी जे कागद होते, त्यांवरच युक्तिवाद होतो. सरकारी वकिलांनाच निर्णय कमकुवत वाटला, तर ते तडजोडीने अर्ज फेरविचाराला पाठवण्यास तयार होतात, असेही घडते.

हा संपूर्ण प्रवास वर्षाहून अधिक लांबू शकतो, ही मोठी तक्रार होती. त्यामुळे फेडरल कोर्टाने १ ऑक्टोबर २०२४ पासून स्टडी परमिटच्या प्रकरणांसाठी प्रायोगिक योजना सुरू केली. साधी, वादग्रस्त तथ्ये नसलेली प्रकरणे दोन्ही बाजूंच्या संमतीने या योजनेत घेतली जातात. परवानगी आणि मूळ मुद्दा यांचा निर्णय एकाच वेळी, कागदपत्रांवर होतो. साधारण पाच महिन्यांत निकाल लागावा, असे उद्दिष्ट आहे. खोटी माहिती दिल्याचा ठपका असलेली प्रकरणे मात्र यात बसत नाहीत.

न्यायालय कोणत्या कसोटीवर निर्णय तपासते?

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ‘वाविलोव्ह’ प्रकरणात कसोटी घालून दिली : निर्णय वाजवी हवा आणि पुराव्यांपासून निष्कर्षापर्यंतची वाट वाचणाऱ्याला दिसायला हवी. व्हिसा अधिकाऱ्याने पानभर निकालपत्र लिहावे, अशी अपेक्षा नाही. पण समोरच्या महत्त्वाच्या कागदाकडे दुर्लक्ष करून ठरावीक साच्यातले वाक्य चिकटवले असेल, तर निर्णय टिकणे कठीण जाते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कल्याणच्या एका मेकॅनिकल इंजिनिअरने प्रोजेक्ट मॅनेजमेंटच्या अभ्यासक्रमासाठी अर्ज केला. सध्याच्या कंपनीने परतल्यावर बढती देण्याचे पत्र दिले, ते अर्जासोबत जोडले. अधिकाऱ्याने त्या पत्राचा उल्लेखही न करता ‘हा अभ्यासक्रम पूर्वीच्या शिक्षणाशी सुसंगत नाही’ एवढेच लिहून नकार दिला. येथे न्यायालयात मांडण्यासारखा मुद्दा आहे. याउलट, ते पत्र जोडायचेच राहून गेले असेल, तर अधिकाऱ्याची चूक काय? तेथे नवा, पूर्ण अर्ज हाच उपाय.

म्हणूनच अधिकाऱ्याच्या नोंदी हातात असणे महत्त्वाचे. जुलै २०२५ च्या अखेरीपासून कॅनडाने स्टडी परमिटसह काही प्रकारच्या नकारपत्रांसोबत या नोंदी देण्यास सुरुवात केली आहे. त्या आल्या नसतील, तर तेथील माहिती अधिकाराच्या कायद्याखाली ५ डॉलर भरून कॅनडातील प्रतिनिधीमार्फत मागवता येतात. मात्र त्यांची वाट पाहताना ६० दिवसांची मुदत थांबत नाही. खात्याकडे फेरविचाराची विनंती पाठवली, तरीही थांबत नाही.

ब्रिटनमध्ये मुदत किती?

ब्रिटनने २०१४ च्या इमिग्रेशन कायद्याने विद्यार्थ्यांचा अपिलाचा हक्क जवळपास संपवला. आता भारतातून अर्ज केलेल्या विद्यार्थ्यासाठी पहिली पायरी प्रशासकीय फेरतपासणीची. नकार मिळाल्यापासून २८ दिवसांत, ८० पौंड शुल्क भरून ऑनलाइन अर्ज करायचा. निर्णय फिरला तर शुल्क परत मिळते. येथेही नवे कागद सहसा विचारात घेतले जात नाहीत.

खर्चाच्या रकमेचा नियम याचे चांगले उदाहरण आहे. ब्रिटनला राहण्या-खाण्याची रक्कम खात्यात सलग २८ दिवस हवी असते. ती २८ दिवस होती आणि अधिकाऱ्याने मोजण्यात चूक केली, तर फेरतपासणीत न्याय मिळू शकतो. एक दिवस जरी शिल्लक त्याखाली गेली असेल, तर फेरतपासणीचे ८० पौंड वाया गेले असे समजावे.

फेरतपासणीतही नकार कायम राहिला, तर लंडनच्या अप्पर ट्रायब्युनलकडे न्यायिक पुनर्विलोकनासाठी जाता येते. ते तातडीने आणि जास्तीत जास्त तीन महिन्यांत दाखल करावे लागते. त्याआधी गृह खात्याला रीतसर नोटीस पाठवण्याची पद्धत आहे. एक सापळा लक्षात ठेवावा : फेरतपासणी सुरू असताना नवा व्हिसा अर्ज केला, तर फेरतपासणी मागे घेतल्याचे मानले जाते. शिवाय नव्या अर्जाला विद्यापीठाकडून नवे ‘कॅस’ प्रमाणपत्र लागते. व्हिसाचे शुल्क परत मिळत नाही. आगाऊ भरलेला आरोग्य अधिभार मात्र नकारानंतर परत केला जातो.

जर्मनीत काय बदलले?

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी हा भाग महत्त्वाचा. जर्मनीत नकाराविरुद्ध वकिलातीकडेच ‘रेमॉन्स्ट्रेशन’ म्हणजे लेखी हरकत नोंदवण्याची विनाशुल्क सोय होती. नवे कागदही जोडता येत. १ जुलै २०२५ पासून ही सोय जगभर बंद झाली. सीनिअर्सचे जुने अनुभव ऐकून आजही कोणी हरकतीचे पत्र लिहीत बसला, तर त्यात मुदत निघून जाईल.

आता दोनच पर्याय आहेत. नवा अर्ज किंवा बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा. दाव्याची मुदत, नकारपत्रात तशी सूचना असेल तर, एक महिना असते. पहिल्या पायरीवर वकील सक्तीचा नाही, पण कामकाज जर्मन भाषेत चालते आणि निकालाला अनेक महिने लागू शकतात.

या न्यायालयातून एक महत्त्वाचे प्रकरण पुढे गेले होते. ट्युनिशियाच्या एका विद्यार्थ्याला डॉर्टमुंडच्या तांत्रिक विद्यापीठात गणितासाठी प्रवेश मिळूनही व्हिसा नाकारला गेला. बर्लिनच्या न्यायालयाने प्रश्न युरोपीय न्यायालयाकडे पाठवला. १० सप्टेंबर २०१४ रोजी निकाल आला : युरोपीय कायद्यातील अटी पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्याला सदस्य देशाने प्रवेश द्यावा, स्वतःच्या जादा अटी लावू नयेत. पुढे २९ जुलै २०२४ रोजी बेल्जियममधील एका प्रकरणात याच न्यायालयाने दुसरी बाजू स्पष्ट केली. शिकण्याचा खरा हेतू नसल्याचे ठोसपणे दिसत असेल, तर नकार देता येतो. मात्र प्रत्येक अर्ज स्वतंत्रपणे तपासायला हवा.

अमेरिकेत न्यायालयाचा मार्ग का बंद?

अमेरिकेत बहुतेक विद्यार्थ्यांना कलम २१४ (ब) खाली नकार मिळतो. शिक्षण संपल्यावर मायदेशी परत जाल हे पटले नाही, असा त्याचा अर्थ. यावर अपील नाही. वकिलातीच्या व्हिसा निर्णयात न्यायालये हस्तक्षेप करत नाहीत, हे तत्त्व तेथे जुने आहे. ‘डिपार्टमेंट ऑफ स्टेट विरुद्ध म्युनोझ’ या जून २०२४ मधील निकालात अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी घट्ट केले. त्या प्रकरणात तर अमेरिकी नागरिक असलेली पत्नी पतीच्या व्हिसासाठी लढत होती. नवा अर्ज कधीही करता येतो, पण १८५ डॉलरचे शुल्क पुन्हा भरावे लागते. परिस्थितीत किंवा मांडणीत काहीच बदल नसेल, तर बीकेसीतल्या वकिलातीची दुसरी फेरीही तशीच संपण्याची शक्यता मोठी.

२२१ (ग) ची चिठ्ठी मिळाली असेल, तर गोष्ट वेगळी. त्यात कागद अपुरे असतात किंवा तपासणी बाकी असते. ती अवाजवी लांबली, तर अमेरिकेच्या जिल्हा न्यायालयात ‘मॅन्डॅमस’ दावा लावता येतो. त्यातही मागणी ‘लवकर निर्णय द्या’ एवढीच असते. निर्णय होकारार्थी द्या, असे सांगता येत नाही.

देशाच्या आत असणे आणि बाहेर असणे यातला फरक २०२५ च्या वसंतात स्पष्ट दिसला. अमेरिकेत शिकत असलेल्या हजारो परदेशी विद्यार्थ्यांच्या ‘सेविस’ नोंदी अचानक रद्द झाल्या. त्यात भारतीयही होते. विद्यार्थी न्यायालयात गेले, अनेक फेडरल न्यायालयांनी तात्पुरती मनाई दिली आणि २५ एप्रिल २०२५ रोजी सरकारने नोंदी पूर्ववत करत असल्याचे सांगितले. आत असलेल्यांना न्यायालयाने ऐकले. डोंबिवलीत बसून मुलाखतीत नापास झालेल्याला ती सोय नाही.

ऑस्ट्रेलियाची स्थितीही काहीशी अशीच आहे. तेथील प्रशासकीय पुनर्विलोकन न्यायाधिकरण प्रामुख्याने देशात राहून अर्ज केलेल्या विद्यार्थ्यांची प्रकरणे ऐकते. भारतातून अर्ज केलेल्यांना साधारणतः तो हक्क नाही. व्हिसाचे शुल्क १ जुलै २०२५ पासून २,००० ऑस्ट्रेलियन डॉलर झाले आहे. त्यामुळे घाईने दुसरा अर्ज करणे तेथे फारच महागात पडते.

वेळेचे गणित कसे मांडायचे?

समजा, नकार १० जुलैला हातात पडला. जर्मनीच्या दाव्याची मुदत १० ऑगस्टच्या सुमारास संपेल. ब्रिटनच्या फेरतपासणीची ७ ऑगस्टला, कॅनडाच्या फेडरल कोर्टाची ८ सप्टेंबरला. वर्ग मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच सुरू होतात. म्हणजे कोणत्याही न्यायालयीन वाटेने चालू सत्र वाचण्याची शक्यता फार थोडी. म्हणून वकिलाआधी विद्यापीठाला ई-मेल करावा. प्रवेश पुढच्या सत्रात ढकलता येईल का आणि भरलेले शुल्क परत मिळण्याची शेवटची तारीख कोणती, हे विचारावे. बँकेलाही कर्जाचे पुढचे वितरण थांबवण्याबाबत लेखी कळवावे.

न्यायालय की नवा अर्ज?

नकाराचे कारण तीनपैकी एका खान्यात टाकून पाहावे.

कागद कमी होते : पैशांचा पुरावा अपुरा, मोठ्या जमा रकमेचा खुलासा नाही, मुदत संपलेले प्रमाणपत्र. येथे नवा अर्ज स्वस्त आणि जलद. रकमा बदलत राहतात, त्या तपासाव्यात. कॅनडाला १ सप्टेंबर २०२५ पासून पहिल्या वर्षाची फी आणि प्रवासखर्च सोडून राहण्यासाठी २२,८९५ कॅनेडियन डॉलर दाखवावे लागतात. जर्मनीच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाला ११,९०४ युरो लागतात.

कागद पूर्ण होते, पण तर्क चुकला : महत्त्वाचा पुरावा वाचलाच नाही किंवा चुकीचा वाचला. कॅनडा, ब्रिटन आणि जर्मनीत येथे दाद मागण्यात अर्थ आहे. कॅनडात एकीकडे खटला आणि दुसरीकडे सुधारित अर्ज, असे दोन्ही करता येते.

फसवणुकीचा ठपका : हा सर्वात गंभीर खाना. कॅनडात खोट्या माहितीसाठी पाच वर्षांची बंदी येते. ब्रिटनमध्ये दहा वर्षांपर्यंत अर्ज नाकारले जाऊ शकतात. अमेरिकेत बंदी कायमची ठरू शकते. येथे नवा अर्ज हा उपाय नाही, कारण ठपका पुढच्या अर्जालाही चिकटतो. आरोप खरोखर चुकीचा असेल, तर मुदतीत वकील गाठून तो खोडून काढणे, यावरच पुढची अनेक वर्षे अवलंबून असतात.

एजंटने घोळ घातला असेल तर?

‘मला माहीत नव्हते, एजंटने जोडले’ हा बचाव व्हिसाच्या कायद्यात फारसा चालत नाही. अर्जावरची जबाबदारी अर्जदाराची मानली जाते. २०२३ मध्ये कॅनडात बनावट प्रवेशपत्रांवर गेलेल्या, मुख्यतः पंजाबमधील विद्यार्थ्यांवर हद्दपारीची वेळ आली होती. आंदोलनानंतर तेथील सरकारला कृतिगट नेमून प्रत्येकाचे प्रकरण तपासावे लागले. कागद एजंट भरणार असला, तरी ‘सबमिट’ करण्याआधी संपूर्ण पीडीएफ स्वतः वाचणे आणि लॉगिनचा पासवर्ड स्वतःकडे ठेवणे म्हणूनच गरजेचे आहे.

न्यायालयीन लढाईबाबतही एक खबरदारी घ्यावी. कॅनडाचा परवानाधारक इमिग्रेशन सल्लागारसुद्धा फेडरल कोर्टात बाजू मांडू शकत नाही. तेथे कॅनडाचा वकीलच लागतो किंवा अर्जदाराला स्वतः उभे राहावे लागते. नौपाड्यातल्या किंवा डोंबिवली पूर्वेच्या कार्यालयात कोणी ‘अपील आम्हीच करून देतो’ म्हणाले, तर वकिलाचे नाव आणि त्याचा प्रांतातील नोंदणी क्रमांक मागावा. तो त्या प्रांताच्या लॉ सोसायटीच्या संकेतस्थळावर तपासता येतो.

भारतीय कायदा येथे उपयोगी पडतो. व्हिसा नाकारला गेला, एवढ्यावरून एजंट दोषी ठरत नाही. पण लेखी कबूल केलेला परतावा नाकारला, मुदत चुकवली किंवा खोटे कागद जोडले, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तक्रार करता येते. ती राहत्या ठिकाणच्या जिल्हा आयोगात, म्हणजे ठाणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात दाखल करता येते. मुदत दोन वर्षे. दिलेली रक्कम ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर शुल्क नाही. ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्या तक्रार नोंदवता येते. बनावट कागदपत्रांचा प्रकार असेल, तर ठाणे पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीतील स्थानिक पोलीस ठाण्यात फिर्याद द्यावी. कल्याण-डोंबिवलीही याच आयुक्तालयात येते. ही फिर्याद परदेशातील प्रकरणात पुरावा म्हणूनही मांडता येते.

पहिल्या आठवड्यात काय करावे?

नकारपत्र मिळाल्याची तारीख दिसेल असा ई-मेल किंवा पाकीट जपून ठेवावे, कारण मुदत तेथूनच मोजली जाते. पाठवलेल्या अर्जाची जशीच्या तशी प्रत एजंटकडून लेखी मागून घ्यावी. नकाराचे प्रत्येक कारण आणि त्यासमोर आपण जोडलेला कागद, असा दोन रकान्यांचा तक्ता करावा. उजवा रकाना भरलेला असेल, तर वकिलाचा सल्ला घ्यावा. तो रिकामा असेल, तर तो भरूनच नवा अर्ज करावा.

आणखी एक गोष्ट. पुढे कोणत्याही देशाचा फॉर्म भरताना ‘यापूर्वी व्हिसा नाकारला आहे का?’ हा प्रश्न आला, तर उत्तर ‘होय’ असेच द्यावे. जुना नकार दुसऱ्या देशात सांगितल्याने व्हिसा आपोआप जात नाही. तो लपवल्याचे उघड झाले, तर मात्र साध्या नकाराचे रूपांतर फसवणुकीच्या ठपक्यात होते आणि तो पुसायला न्यायालयातही फार जड जाते.